बेवड, बांध आणि पिंपळे सौदागर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. रिलीज एकदाचं पार पडलं आणि हा शनिवार अख्खा मोकळा मिळाला. यावेळचा विषय जरा वेगळा आहे. माती! हसू नका. लेख लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

मी राहतो पिंपळे सौदागरला, नवव्या मजल्यावर. आमच्या सोसायटीत निम्मे लोक आयटीवाले, आणि बाकीचे निम्मे आयटीवाल्यांचे आईवडील. इथे माती दिसते ती फक्त कुंडीत. 'काळी माती घ्या' म्हणून टेम्पो येतो, त्याच्याकडून गोणीभर माती आम्ही घासाघीस करून घेतो. ही माती येते कुठून, हा प्रश्न मला मागच्या महिन्यापर्यंत कधी पडला नव्हता.

पडला तो गावाकडच्या वाटणीमुळे. आमची करमाळ्याजवळ नऊ एकर जमीन आहे, कोरडवाहू. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. आता दोन्ही चुलते म्हणतात, एकदाची वाटणी करून टाकू. म्हणजे तीन-तीन एकर. रानाला उतार आहे. वर मुरूम, खाली चांगली काळी. वर-खाली अंतर साधारण 900 फूट, रुंदी 435. तात्यांनी (थोरले चुलते) कागदावर काढून दाखवलं : उताराच्या दिशेने तीन उभे पट्टे, प्रत्येक 145 फूट रुंद. सगळ्यांना थोडा मुरूम, थोडी काळी. आणि मधे जी आजोबांच्या वेळची आडवी ताल आहे, ती जेसीबीने सपाट करायची, म्हणजे ट्रॅक्टर सरळ वरून खाली जाईल. बघायला गेलं तर एकदम न्याय्य. सही करायला पेन काढलं होतं मी.

पण तालीवर एकदा चढून बघितलं. तालीच्या वरच्या अंगाला माती जवळजवळ तिच्या माथ्यापर्यंत आली होती, आणि खालच्या अंगाला मी कमरेइतका खाली उभा होतो. पन्नासेक वर्षांत वरून वाहून आलेली माती त्या दगडांनी धरून ठेवली होती. सही तशीच राहिली. पुण्याला परत आलो आणि वाचायला लागलो. पुढचं सगळं त्यातून निघालेलं.

आधी थोडं गणित, आपल्या जातीला शोभेसं. एका एकरावरची फक्त 1 मिलीमीटर माती म्हणजे 4 घनमीटर, वजनाने सुमारे 5 टन. एक मिलीमीटर गेलेली कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. शेतकऱ्याला दिसत नाही, तलाठ्याला तर नाहीच नाही. आणि आपल्या काळ्या खडकाची झीज होऊन इंचभर माती बनायला शेकडो वर्षं लागतात. म्हणजे हा असा बग आहे की जो लॉगमध्ये कधीच येत नाही, आणि सिस्टीम बसते तेव्हा बॅकअप नसतो. दुसरं, वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ताकद चौपट होते. उतार जितका लांब आणि मोकळा, तितका वेग जास्त. मधे काहीतरी आडवं हवं. ताल, गवत, पिकाची ओळ, काहीही. पण आडवं. सगळी विद्या एवढ्याशा वाक्यात आहे, आणि ती कुणी विलायतेतून आणायची गरज नव्हती. ताल, बांध, पड, पाटा हे शब्द आपल्याकडे मुळातच आहेत.

आणि एक फार सुंदर शब्द : बेवड. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो, बेवड म्हणजे आधीच्या पिकाने रानात मागे ठेवलेलं देणं. हरभऱ्याचं बेवड ज्वारीला चांगलं, कारण हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. ज्वारीवर ज्वारी घेतली तर बेवड हलकं. इंग्रजी पुस्तकात 'पिकांची फेरपालट' हा शेतकऱ्याने आखायचा कार्यक्रम असतो. बेवड हा शब्द मात्र जमिनीच्या बाजूने विचार करतो, रानाला काय मिळालं ते विचारतो. आमचे आजोबा ज्वारीत मधे मधे करडईचे पाटे घालायचे आणि कडेने करडईच्या ओळी, काट्यामुळे जनावर आत शिरत नाही म्हणून. पुढच्या साली त्या तुकड्यावर हरभरा. मला हे लहानपणी नुसतं रंगीबेरंगी दिसायचं.

मग एवढं सगळं माहीत असताना माती गेली कशी?

याचं पहिलं सणसणीत उत्तर पुण्यातच लिहिलं गेलं, 1883 साली. जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड'. आपण फुले म्हटलं की भिडेवाडा आणि मुलींची शाळा एवढंच आठवतो. पण हा माणूस सरकारी बांधकामांची कंत्राटं घेत असे, मांजरीला जमीन घेऊन पाण्याखालची शेती करत असे. मातीकाम म्हणजे काय, त्याला मजूर किती लागतात, हे त्याला ठाऊक होतं. 1876 ते 78 चा भयानक दुष्काळ होऊन पाच-सात वर्षंच झाली होती. असूडात फुले जमीन का नापीक झाली त्याची कारणं मांडतात, आणि ती वाचताना अक्षरशः रूट कॉज ॲनालिसिस वाचल्यासारखं वाटतं. पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा, शेणमूत पावसाच्या पाण्याबरोबर खालच्या रानात उतरायचं. सरकारने जंगलखातं काढलं, डोंगर आणि गायरानं ताब्यात घेतली, शेतकऱ्याची जनावरं हटली, खत आटलं. माणसं वाढली, सारा भरायचा म्हणून जमिनीला पड टाकून विसावा देणं परवडेना. जमीन थकली. म्हणजे फेरपालट मोडली ती अडाणीपणामुळे नाही, तगाद्यामुळे. हे 1883 साली!

आणि उपाय काय सुचवतात? शेवटच्या प्रकरणात ते म्हणतात की सरकारने आपल्या काळ्या-गोऱ्या पलटणी आणि जास्तीचे पोलीस कामाला लावून जागोजागी ताली-बंधारे बांधून घ्यावेत, असे की पावसाचं पाणी आधी शेतांमधून मुरत जाईल आणि मगच ओढ्या-नाल्यांना मिळेल. पाणलोट विकास या शब्दाचा जन्म व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पलटणीची. लोकांना ती गंमत वाटते. गंमत नाही ती. फुल्यांना पक्कं माहीत होतं की ताल कशी बांधायची हा प्रश्नच नाही. फुकटचे हात कुणाचे लावायचे, हा प्रश्न आहे. शेतकऱ्याकडे ते उरलेले नाहीत, मग बसून पगार खाणाऱ्यांचे लावा.

पलटणी अर्थातच आल्या नाहीत.

आता माझ्या सोसायटीकडे परत येतो. 1907 मध्ये हॅरोल्ड मॅन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ, आसामात चहावर संशोधन करून, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य म्हणून आला. पुढे तो मुंबई इलाख्याचा शेतकी संचालक झाला. या गृहस्थाला वाटलं की नुसती माती तपासून भागणार नाही, एक अख्खं गाव तपासलं पाहिजे. त्याने सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे अशा आपल्या सहकाऱ्यांना घेऊन पुण्याजवळचं एक खेडं निवडलं, घरोघर, वावरोवावर माहिती गोळा केली आणि 1917 साली पुस्तक छापलं. ते गाव कोणतं? पिंपळे सौदागर! (त्या पुस्तकात 'पिंपळा सौदागर'.) हे वाचल्यावर मी बाल्कनीत जाऊन उगाचच खाली पार्किंगकडे बघून आलो.

त्या पुस्तकातले आकडे नंतर अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेले. 1771 मध्ये या गावात सरासरी धारणा 40 एकर होती. 1818 मध्ये साडेसतरा. 1914-15 मध्ये 7. आणि ते सातसुद्धा एका जागी नव्हते. 156 खातेदार, 729 तुकडे, त्यातले 463 एका एकराहून लहान. आता डोळ्यांसमोर आणा : दर पिढीत वाटणी, दर वाटणीत प्रत्येक भावाला थोडी बरी थोडी वाईट जमीन हवी. मग पट्टे निघतात ते उभे. आणि चिंचोळ्या उभ्या पट्ट्यात बैल आडवा वळवायला जागा नसते, नांगर वरून खालीच चालतो. प्रत्येक तास म्हणजे पाण्यासाठी काढलेली पन्हाळ. तात्यांचा कागद मला तिथे लख्ख दिसला. 1947 मध्ये मुंबई सरकारने तुकडेबंदीचा कायदा केला, पण त्याने तुकड्याचं क्षेत्रफळ बघितलं. तुकडा उताराला उभा की आडवा, हे कुठल्याच कागदावर नसतं. सातबाऱ्यावर उताराचा रकाना नाही, तुम्हीच बघा.

मॅनच्या त्याच टीममधल्या ताम्हण्यांनी 1923 मध्ये मांजरीच्या सरकारी शेतावर एका छोट्या तुकड्यात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू केलं. भारतातलं या विषयावरचं हे पहिलं पद्धतशीर काम मानतात. फुल्यांनी शेती केली तीच मांजरी (तोच तुकडा असं मी म्हणत नाही, पण गाव तेच). 1926 पासून कानिटकरांनी काम पुढे नेलं. 1933 मध्ये सोलापूर आणि विजापूरला केंद्रं सुरू झाली, आणि 1944 मध्ये कानिटकरांचा भारतातल्या कोरडवाहू शेतीवरचा ग्रंथ आला.

सोलापूरचा पेच समजून घेण्यासारखा आहे, कारण आमचं रान त्यातलंच. पाऊस वर्षाला 500-600 मिलीमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. मुख्य पीक रब्बी ज्वारी. म्हणजे जून ते सप्टेंबर रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या मारायच्या, ओल साठवायची आणि पाऊस संपता संपता पेरायचं. शेतकऱ्याच्या बाजूने हे अगदी शहाणपणाचं आहे, कारण भारी काळी जमीन ओल धरून ठेवते आणि त्या ओलीवर ज्वारी निघते. पण मातीच्या बाजूने बघा. वर्षातला सगळा जोरदार पाऊस उघड्या, भुसभुशीत रानावर पडतो! थेंबाने ढेकूळ फुटतं, बारीक चिकणमातीने वरची छिद्रं बुजतात, पाणी मुरायचं थांबतं आणि पळायला लागतं.

यावर सोलापूरच्या लोकांनी जे काढलं ते म्हणजे बेवड आणि ताल यांचीच शास्त्रीय आवृत्ती. मध्यम जमिनीत खरिपात बाजरी आणि तूर, दोन ओळी बाजरीच्या तर एक तुरीची. बाजरी लवकर वर येऊन रान झाकते, ती निघाली तरी तूर उभी असते, तिची पानं गळून रानातच पडतात. चांगल्या ओलीच्या भारी जमिनीत ज्वारीच्या आधी मूग किंवा उडीद, म्हणजे पावसात रान उघडं नाही आणि ज्वारीला कडधान्याचं बेवड. पेरणी उताराला आडवी. ज्वारीसाठी मोकळं ठेवलेल्या रानात छोटे बंदिस्त वाफे, म्हणजे पडलेलं पाणी जिथल्या तिथे. हे सगळं एकदम नाही, कैक वर्षांत टप्प्याटप्प्याने आलं. 1970 पासून अखिल भारतीय कोरडवाहू प्रकल्पाचं एक केंद्र सोलापूरला आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाखाली.

जाता जाता, अमेरिकेबद्दल. तिकडची ती प्रसिद्ध धुळीची वादळं 1930 च्या दशकातली. 14 एप्रिल 1935 च्या रविवारी तर दिवसाढवळ्या अंधार झाला, आणि त्याच महिन्यात मृदासंधारणाचा कायदा होऊन ह्यू बेनेटच्या हाताखाली वेगळं खातं आलं. सोलापूरचं केंद्र त्याच्या दोन वर्षं आधीचं आहे. तरीही आपल्याला धुळीची वादळं माहीत, सोलापूर माहीत नाही. फरक एवढाच पडला की तिकडे शेतकऱ्याने फेरपालट करावी, थोडं रान गवताखाली ठेवावं म्हणून सरकारने त्याला पैसे दिले. आपल्याकडे सल्ला दिला. असो.

सल्ल्याचं काय झालं? मुंबई पद्धत म्हणून जी ओळखली गेली (बांध घाला, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरा, शेणखत घाला, बी कमी आणि ओळी रुंद ठेवा, पुन्हा पुन्हा कोळपा) तिने उत्पन्न वाढायचं 15 ते 20 टक्के. ऐकायला ठीक वाटतं. पण मूळ उत्पन्नच हेक्टरी 200 ते 400 किलो. त्याचे 15 टक्के म्हणजे 30 ते 60 किलो ज्वारी, आणि कष्ट आणि बैल मात्र दीडपट. कोण करेल? आमच्या कंपनीत एखाद्या टूलने एवढा फायदा दाखवला असता तर मॅनेजरने डेमोसुद्धा बघितला नसता. शेतकऱ्याने सल्ला ऐकला नाही हे त्याच्या अज्ञानाच्या खात्यावर लिहिलं गेलं. त्याने हिशोब केला होता, एवढंच.

1942 मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, आणि समपातळीतले बांध (एका उंचीवरून जाणारे) दुष्काळी टापूत मोठ्या प्रमाणावर पडायला लागले. सोलापूर, विजापूर, नगर. इथे इंजिनियर लोकांची हौस दिसते. बांध समपातळी रेषेत हवा, आणि ती रेषा कुणाच्याही मालकीची हद्द पाळत नाही. ती एकाच्या वावरातून घुसते, दुसऱ्याचं कोपऱ्यावर कापते. त्यात खर्चाचा वाटा शेतकऱ्याकडूनच वसूल. शिवाय भारी काळ्या जमिनीत बांधाचीच माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी भेगेत शिरतं, बांध फुटतो आणि साठलेलं सगळं पाणी एका जागेतून सुटून घळ पाडतं. नाही फुटला तर वरच्या अंगाला पाणी तुंबून पीक पिवळं. म्हणजे मुरमाड-मध्यम जमिनीत जे औषध होतं ते भारी जमिनीत बऱ्याच ठिकाणी दुखणं झालं. आपल्याकडे नाही का, एका क्लायंटला चाललेलं सोल्युशन सगळ्यांना लावतात.

मग आला 1972 चा दुष्काळ. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती. फुल्यांनी मागितलेली पलटण शेवटी उभी राहिली, पण ती त्याच उपाशी शेतकऱ्यांची होती. आमची ताल त्याच वेळी वाढवली, असं घरात सांगतात. आजी पाट्या टाकायला होती.

हे सगळं बघायला पुण्याहून एक मेकॅनिकल इंजिनियर गेला, ज्याचा स्वतःचा कारखाना चांगला चालू होता. विलासराव साळुंखे. लोक खडी फोडताहेत, आणि फोडलेल्या खडीने पुढच्या पावसाचा एक थेंबही अडणार नाही, हे बघून तो माणूस अस्वस्थ झाला. 1974 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या नायगावला देवस्थानची 40 एकर उतरणीची पडीक जमीन भाड्याने घेऊन, बायकोमुलांसह तिथे वस्ती करून त्यांनी काम सुरू केलं. वर समपातळी बांध, झाडं, गवत. खाली पाझर तलाव. त्याच्या खाली विहीर. जमीन एकाच मालकाची, अख्खा उतार एकाच हातात, हे लक्षात घ्या. म्हणून बांध जिथे पडायला हवा तिथे पडला.

पुढे त्यांनी पाणी पंचायत काढली. तिचे नियम मला कुठल्याही कायद्यापेक्षा हुशार वाटतात. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या डोक्यांवर. माणशी अर्धा एकर, जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. शेवटच्या नियमाने पुष्कळांनी तोंड फिरवलं. पण त्याशिवाय फेरपालट टिकत नाही, कारण पाणी आलं की आधी बेवड विसरलं जातं, ऊस आणि ऊस आणि खोडवा. साळुंखे 2002 मध्ये गेले.

तर, वाटणी.

मागच्या रविवारी गावी गेलो. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल काढतात तशी आमच्या रानाची काढली. धाकटे काका एका टोकाला, मी दुसऱ्या. वरून खाली 18 फूट उतार निघाला, म्हणजे शेकडा 2. मी नवा कागद मांडला : तीन आडवे तुकडे, 435 फूट लांब, 300 फूट रुंद. पहिल्या दोघांच्या हद्दीवर आपोआप आजोबांची ताल येते, दुसऱ्या हद्दीवर नवीन घालू. नांगर आपसूक आडवा चालेल. वर बाजरी-तूर, खाली उडदावर ज्वारी.

तात्या बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुझं पुस्तक बरोबर आहे रे. पण वरचा मुरूम कुणी घ्यायचा ते त्यात लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलेलं. उभ्या पट्ट्यात नुकसान तिघांचं सारखं आणि हळूहळू. आडव्यात एकाचं, आणि ताबडतोब. काका मान खाली घालून नळीतलं पाणी सोडत होते. त्यांची दोन पोरं गावातच आहेत, त्यांना मुरमावर बसवायचं कसं? आणि मला पगार आहे हे तिघांनाही माहीत होतं, पण कुणी बोललं नाही.

"मी घेतो," म्हणालो. आई आतून बाहेर आली आणि काही न बोलता परत आत गेली. रात्री तिने विचारलं, तुझ्या बापाने त्या काळ्या रानात काय कमी राबलं होतं का. तिला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही.

तात्या म्हणाले, "लिहून देशील?"

मोजणीचा अर्ज दिलाय. तारीख आली की कळवतो. दरम्यान कुणाला हलक्या रानात चालणारं तुरीचं चांगलं वाण माहीत असेल तर सांगा.